इतवारीच्या वळणावरची कुरकुर

नागपूरच्या इतवारीत शहीद चौकातून सराफ्याच्या बोळांत मोटार घालणाऱ्यास हातगाड्या, पोती वाहणारे हमाल आणि मध्येच थबकलेली गाय यांच्यातून वाट काढताना स्टीअरिंग वारंवार टोकापर्यंत फिरवावे लागते, आणि त्या मंद गतीत वाऱ्याचा व टायरांचा घोष नसल्यामुळे पुढच्या चाकांपाशी उठणारी कुरकुर स्वच्छ कानी पडते. आमच्या एका स्नेह्यांच्या अमेरिकी बनावटीच्या मोटारीने अशी तक्रार गुदरताच त्यांनी साऱ्या अमेरिकी कारखानदारीविरुद्ध फैसला देऊन टाकला. मिस्त्र्याने मात्र गाडी जॅकवर चढवली, चाक दोन्ही हातांनी हलवले आणि म्हटले, "बॉल जॉइंट गेला, भाऊ."

वाटीत बसवलेला पोलादी गोळा, असा हा सांधा आपल्या खुब्यासारखाच असतो. त्यावरचे रबरी टोपण फाटले की आत शिरलेल्या धुळीमुळे वंगणच घासपुडीचे काम करू लागते, वाटी झिजते आणि खड्ड्यागणिक गोळा आपटून 'टक्' असा नाद उठतो. कुरकुरीचे कारण निराळे. थांबलेल्या पृष्ठभागांमधील घर्षण सरकत्या पृष्ठभागांमधील घर्षणाहून अधिक असल्यामुळे कोरडा सांधा एकसारखा न फिरता अडतो, ताण साठवतो, सुटतो, पुन्हा अडतो. सारंगीच्या तारेवर गज फिरताना हेच घडते, फरक केवळ रियाजाचा. त्यात 45 अंशांचा नागपुरी उन्हाळा, ज्याच्या उष्णतेने प्राणवायूचा रबरावरील आघात वेगावतो आणि सांध्यांतील रबरी बुश कठीण व भेगाळ होतात.

मौज अशी की, पुढच्या चाकांवरील ज्या धक्के झेलणाऱ्या खांबाच्या, म्हणजे स्ट्रटच्या, माथ्यावरचे बेअरिंगही असेच कुरकुरते, त्याची योजना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची. 1950 साली ती ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल मोटारीत अवतरली आणि कालांतराने जपानी वंशाच्या मारुती 800 मध्येही आली. तेव्हा एका सांध्याच्या साक्षीवरून साऱ्या देशाचा निवाडा करणे अन्यायाचे; समान वयाच्या, समान रस्त्यांवर तितक्याच धावलेल्या शेकडो गाड्यांची दप्तरे तपासल्यावाचून भरवशाची तुलना संभवत नाही.

परंतु इतवारीतल्या मालकाला भरवसा म्हणजे सुटा भाग वेळेवर मिळणे, आणि तेथे आमच्या स्नेह्यांची बाजू बळकट आहे. 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवू लागलेल्या जनरल मोटर्सने 2017 साली भारतातील विक्री थांबवली. 2021 साली फोर्डनेही येथील उत्पादन आवरते घेत असल्याचे जाहीर केले.

सांधा मुंबईहून येईपर्यंत स्नेही सायकलरिक्षाने सराफ्यात जात होते. तिच्या पुढच्या चाकाची कुरकुर कोणत्या देशाच्या खाती मांडावी, हे त्यांनी अद्याप ठरवलेले नाही.