बिट बदलताना: मशीन थांबलंय की बंद आहे?

कारखान्यातलं मोठं सीएनसी मशीन आपलं टूल आपणच बदलतं. घरच्या छोट्या राउटरवर मात्र जॉब अर्ध्यात थांबवायचा, पाना घ्यायचा आणि धारेजवळ हात घालायचा, हे सगळं आपल्यालाच करावं लागतं. नेमक्या याच वेळी काही समज महागात पडतात. इथली माहिती हौशी राउटरांवर सर्रास चालणाऱ्या जीआरबीएल १.१ या फर्मवेअरची आहे.

गैरसमज १: प्रोग्राममध्ये 'एम ६' असला की मशीन बिट बदलायला थांबतं.

वस्तुस्थिती: जीआरबीएलला एम ६ कळतच नाही. ते २० क्रमांकाची एरर देतं. एम ६ पाहून थांबायचं काम सेंडरचं, म्हणजे संगणकावरून प्रोग्रामच्या ओळी पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं असतं, आणि काही सेंडर ती ओळ गाळून सरळ पुढे जातात. मग ६ मिमीचा बिट बारीक अक्षरं कोरायला निघतो! त्याऐवजी एम ० टाकला तर मशीन थांबतं खरं, पण 'होल्ड'मध्ये जातं, आणि होल्डमध्ये जॉगिंग, म्हणजे बटणांनी अक्ष हलवणं, करता येत नाही. मग नव्या बिटाचा झेड झीरो घ्यायचा कसा? यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रत्येक बिटासाठी वेगळी फाइल. एक फाइल संपली की मशीन रिकामं असतं. हवं तसं हलवा, प्रोब करा.

गैरसमज २: पॉज दाबला की सगळं थांबतं.

वस्तुस्थिती: फीड होल्डने अक्ष वेग कमी करत थांबतात आणि जागाही चुकत नाही, स्पिंडल मात्र फिरतच राहतो. सेंडर फीड होल्ड न देता नुसत्या ओळी पाठवणं थांबवत असेल, तर कंट्रोलरच्या रांगेत आधीच घेतलेल्या १६ पर्यंत हालचाली मशीन पूर्ण करतं. त्यात अनेकांच्या मशीनवर स्पिंडल म्हणून लाकूडकामाचा ट्रिमर बसवलेला असतो. त्याची वायर कंट्रोलरला जोडलेलीच नसेल, तर स्पिंडल थांबवणाऱ्या एम ५ ने त्याला काहीच होत नाही. स्पिंडल कंट्रोलरवर चालत असेल, तर धोका उलट बाजूने येतो: होल्डमध्ये थांबवलेला स्पिंडल 'रिझ्यूम' दाबताच पुन्हा फिरू लागतो. म्हणून पाना लावण्याआधी ट्रिमरचा प्लग काढायचा किंवा स्पिंडलचा सप्लाय बंद करायचा.

गैरसमज ३: मशीन जागेवरच उभं आहे, म्हणजे एक्स-वाय झीरो शाबूत आहे.

वस्तुस्थिती: $१ या सेटिंगची मूळ किंमत २५ असते. म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटारी सैल सुटतात. मग नट आवळताना गॅन्ट्री केसभर सरकली तरी कंट्रोलरला पत्ता लागत नाही, कारण या साध्या स्टेपर मोटारींना एन्कोडर नसतो. $१ ची किंमत २५५ केली की मोटारी धरून राहतात. जोरही मशीनवर येऊ देऊ नका. दोन्ही पाने एकाच मुठीत येतील असे लावा आणि मूठ दाबा, म्हणजे जोर पान्यांतल्या पान्यांतच जिरतो.

गैरसमज ४: नव्या बिटाचा झेड पुन्हा मालाच्या वरच्या बाजूवर घेतला की झालं.

वस्तुस्थिती: पहिल्या बिटाने वरून १ मिमी काढला असेल, तर मूळ पृष्ठभाग उरलेलाच नाही. तिथे झीरो घेतला, तर दुसरा बिट प्रत्येक ठिकाणी १ मिमी जास्त खोल जाणार. एकाहून जास्त बिट लागणार असतील, तर कॅम सॉफ्टवेअरमध्येच झेड झीरो खालच्या फळीवर ठेवा आणि प्रत्येक बिटाला फळीवरच्या त्याच जागी टेकवा. टच प्लेट वापरत असाल, तर प्रोब चालवण्याआधी प्लेट हाताने बिटाला लावून सेंडरमध्ये प्रोबची खूण उमटते का ते बघा. क्लिप नीट लागली नसेल, तर बिट प्लेटवर टेकूनही खाली दाबतच राहतो.

गैरसमज ५: स्क्रीनवरचं 'स्टॉप' म्हणजेच इमर्जन्सी स्टॉप.

वस्तुस्थिती: ती यूएसबीतून जाणारी एक आज्ञा आहे. संगणक अडकला किंवा विद्युत गोंगाटाने जोडणी तुटली, तर ती पोहोचतच नाही. काही मशीनवरचं लाल बटणही नुसतं कंट्रोलर रीसेट करतं. अक्ष थांबतात, ट्रिमर फिरतच राहतो. खरं इमर्जन्सी बटण मशीन आणि ट्रिमर दोघांचाही वीजपुरवठा तोडतं. चालत्या मशीनवर ते दाबलं, की जागेचा भरवसा संपला. पुन्हा होमिंग करूनच पुढे जायचं.

क्रम असा ठेवा

बिट मालापासून वर घ्या, स्पिंडल पूर्ण थांबू द्या, स्पिंडलची वीज तोडा, बिट बदला, पाने बाजूला ठेवा, झेड घ्या, क्लिप आणि प्लेट काढा. स्पिंडलची वीज जोडायची ती सगळ्यात शेवटी, मशीनवर आपली एकही वस्तू राहिली नाही हे बघून.