सेंट्रल लाइन बंद पडते तेव्हा

मानेतील अथवा गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेतून हृदयानजीकच्या महाशिरेपर्यंत घातलेली नळी रुग्णालयात ‘सेंट्रल लाइन’ या नावानेच ओळखली जाते. डायलिसिस, कर्करोगावरील औषधे, शिरेवाटे द्यावयाचे पोषण ही सारी तिच्यावर अवलंबून असतात. ती बंद पडली की पेडण्याच्या रुग्णास शापोरा व मांडवी या दोन नद्या ओलांडून पुन्हा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. डिचोलीकरांनाही ती यातायात चुकत नाही. शिवाय नवी नळी म्हणजे नवी शीर, आणि अशा कामाच्या शिरा शरीरात मोजक्याच आहेत. यास्तव असलेली नळी वाचविण्यास परिचर्येत मोठे मोल आहे.

नळीतून सलाईन आत जाते पण रक्त परत ओढता येत नाही, ही बहुधा पहिली खूण होय. अशा वेळी नळीत गुठळी झाली असे एकदम गृहीत धरू नये. चिमटा बंद राहिलेला असतो, पट्टीखाली नळी मुडपलेली असते, टाका आवळलेला असतो, किंवा नळीचे टोक शिरेच्या भिंतीला टेकलेले असते. रुग्णास कुशीवर वळविणे, हात वर करण्यास किंवा खोकण्यास सांगणे, एवढ्यानेही पुष्कळदा प्रवाह सुरू होतो.

जोर मात्र कधीही करू नये. सिरिंज जितकी लहान तितका तिचा दाब अधिक. म्हणून दहा मिलिलिटरपेक्षा लहान सिरिंज वापरू नये. दाबाने नळी फाटते किंवा गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाते.

अडथळा गुठळीचाच असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानुसार गुठळी विरघळविणारे औषध नळीत भरून ठेवतात. अल्टेप्लेजची प्रचलित मात्रा दोन मिलिलिटरमध्ये 2 मिलिग्रॅम अशी असून, 30 मिनिटांनी व गरज पडल्यास 120 मिनिटांनी रक्त ओढून पाहावयाचे असते. रक्तस्राव चालू असणाऱ्या अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाबाबत डॉक्टरांना आधी विचारणे अगत्याचे आहे.

पूर्ण बंद नळीत औषध शिरणार तरी कसे? त्यासाठी तीन तोंडांची तोटी उपयोगी पडते. तिच्या एका तोंडास रिकामी सिरिंज व दुसऱ्यास औषधाची सिरिंज जोडावी. औषधाची बाजू बंद ठेवून रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या आठ-नऊ मिलिलिटरपर्यंत मागे ओढावा आणि तसाच धरून तोटी औषधाकडे फिरवावी. नळीत निर्माण झालेली पोकळी औषध आपणच आत ओढून घेते. युक्ती साधी आहे; तिला यंत्र लागत नाही, संयम लागतो.

एकमेकांशी न जुळणारी औषधे लागोपाठ दिल्यास नळीत साका धरतो. त्यावर गुठळीचे औषध चालत नाही. कॅल्शियम-फॉस्फेटच्या साक्यास सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तर फेनिटॉइनसारख्या औषधाच्या साक्यास सोडियम बायकार्बोनेट लागते. म्हणूनच शेवटी काय दिले होते याची नोंद आधी पाहावी. दोन औषधांच्या मध्ये सलाईनने नळी धुतली, तर हा प्रसंग सहसा येतच नाही.

थंडी वाजून ताप आल्यास किंवा मान व हात सुजल्यास हे उपाय थांबवून डॉक्टरांस कळवावे. डायलिसिसच्या नळीत हेपॅरिन भरलेले असते. ते आत न ढकलता प्रथम ओढून टाकावयाचे असते. नळीच्या प्रत्येक मार्गात किती मिलिलिटर मावते हा आकडा तिच्यावरच छापलेला असतो. रुग्ण गावी परतताना तो आकडा आणि नळी बसविल्याची तारीख त्याच्या कागदावर लिहून द्यावी, म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेस अंदाजाने काम करावे लागणार नाही.