अंगभर पाहणे

बालरुग्णांच्या वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या विद्यार्थिनींना आमच्या वेळच्या वडील सिस्टर पहिल्या दिवशी खिडकीशी नेऊन उभे करीत, औषधांच्या कपाटाची पाळी पुष्कळ दिवसांनी येई. मूल दाखल झाले, की त्याची खाट उजेडाकडे सरकवावयाची, आईला उशाशी बसवावयाचे, आपले हात धुऊन एकमेकांवर चोळून ऊबदार करावयाचे, आणि मग त्याचे टोपडे, झबले, लंगोट, मनगटातला काळा दोरा, कमरेचा करगोटा असे एकेक बाजूला करीत टाळूपासून तळपायापर्यंत त्याला एकदा अंगभर पाहावयाचे, हा त्यांचा शिरस्ता होता. जखम दाखवावयास आणलेल्या मुलाची जखम सर्वांत शेवटी पाहा, असे त्या सांगत. आणि त्या वयात हा मला निव्वळ हट्ट वाटत असे.

त्या हट्टामागचे कारण कळले ते एका पाच वर्षांच्या मुलामुळे. गुडघ्यावर गळू झाले म्हणून आई त्याला घेऊन आली होती. गळू मोठे होते, पिकले होते, आणि साहजिकच माझी नजर तेथेच खिळली. सिस्टरांनी मात्र त्याचा सदरा काढला, त्याची बोटे फाकवून बोटांच्या बेचक्यांत पाहिले, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती आणि करगोट्याच्या खाली पाहिले. सर्वत्र बारीक पुटकुळ्या, नखांचे ओरखडे, आणि बेचक्यांत पेन्सिलीने ओढल्यासारख्या नागमोडी राखी रेषा. ‘रात्री खाजवतो का हो?’ असे विचारताच आई म्हणाली, की दीड महिना झाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अंगात उष्णता फार आहे त्याच्या. घरात आणखी कोणाला खाज आहे का, असे विचारल्यावर तिने क्षणभर थांबून आपलाच हात पदराखाली घेतला. मग सिस्टरांनी मुलाचा चेहरा खिडकीकडे वळविला आणि विचारले, की सकाळी उठतो तेव्हा डोळे सुजल्यासारखे दिसतात का, आणि लघवीचा रंग कसा आहे. लघवी दोन दिवस काळ्या चहासारखी होत होती. ऊन लागले असेल म्हणून कोणी ती मनावर घेतली नव्हती.

खरूज, तिच्यावर नखांनी झालेल्या जखमा, त्या जखमांत शिरलेले स्ट्रेप्टोकोकस जंतू, आणि त्या जंतूंशी शरीराने मांडलेल्या झगड्याचा काही आठवड्यांनी मूत्रपिंडावर झालेला आघात, अशी ही साखळी होती, आणि तिचे शेवटचे टोक गुडघ्यावरच्या गळवाकडे पाहून कोणालाही दिसले नसते. डॉक्टरांनी त्याच दिवशी लघवी तपासविली, रक्तदाब मोजला आणि मूल वॉर्डात ठेवून घेतले. ते बरे होऊन घरी गेले. परंतु त्या दिवसापासून गुडघा पाहताना बोटांची बेचकी पाहण्याची सवय माझ्या हातांना जडली ती आजतागायत सुटलेली नाही.

खरजेचा कीटक डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. १६८७ साली इटलीतील जोव्हान्नी बोनोमो या वैद्याने चेस्तोनी नावाच्या औषधविक्रेत्याच्या साह्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे चित्र काढले, आणि मानवी रोगाचे कारण असा एखादा सूक्ष्म जीव असू शकतो हे प्रथमच प्रत्यक्ष दाखवून दिले. त्याने याविषयी लिहिलेल्या पत्रातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो: मुलांना खरूज झाली, की गरीब घरच्या बायका टाचणीच्या टोकाने त्यांच्या कातडीतून काहीतरी बारीक टोकरून काढतात, हे त्याने नोंदविले आहे. विद्वानांचे मत काहीही असो, उजेडात मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या आयांनी रोगाचे मूळ त्याच्या आधीच पाहिलेले होते. प्रथमच लागण झालेल्या माणसाला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो कीटक निर्वेधपणे घरभर फिरतो. ‘आम्हाला काही होत नाही, आम्ही कशाला मलम लावू?’ या आजोबांच्या प्रश्नाला परिचारिकेने शांतपणे द्यावयाचे उत्तर हेच. आमच्या वेळी गंधकाचे मलम आणि बेन्झिल बेन्झोएट होते; आज पाच टक्के परमेथ्रिनचे मलम डॉक्टर देतात. औषध कोणतेही असो, घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, ते लावले पाहिजे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत डोके आणि तळहात-तळपायही त्यातून सुटता कामा नयेत, कारण तेथेही खरूज होते. सांगितलेल्या मुदतीने मलम पुन्हा एकदा लावावयाचे असते, आणि खाज औषधानंतरही दोनतीन आठवडे रेंगाळते हे आधीच सांगून ठेवावयाचे असते, नाहीतर माणसे चौथ्या दिवशी औषधाला दोष देऊन वैदूकडे जातात.

त्वचा ओळखण्याची बहुतेक पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली, ही आपल्याकडच्या परिचारिकेची मोठीच अडचण आहे. पुस्तक म्हणते, लाली पाहा. आपल्या सावळ्या लेकरांच्या अंगावर ती लाली जांभळट, तपकिरी, कधी नुसतीच गडद दिसते, आणि कित्येकदा दिसतच नाही. तेथे हाताची पाठ टेकवून ऊब पाहावी लागते, बोटाने चाचपून कडकपणा पाहावा लागतो, डाव्या पायाची उजव्या पायाशी तुलना करावी लागते. पुष्कळ बाळांच्या माकडहाडाभोवती जन्मतःच निळसर डाग असतो. तो निरुपद्रवी असतो आणि वाढत्या वयात बहुधा पुसट होतो. पण त्याची जन्माच्या वेळीच नोंद झाली नसेल, तर पुढे कोणी त्याला माराचा वळ समजून आईबापांवर नाहक संशय घेतो. उलट, जे मूल अजून कुशीवरही वळत नाही त्याच्या अंगावर खरोखरीचा वळ असेल, किंवा ज्याचे दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे एका सरळ रेषेपर्यंतच भाजलेले असतील, त्याच्यासाठी परिचारिकेला कठीण कर्तव्य पार पाडावे लागते. अशा वेळी आवाज न चढविता, आरोप न करता, जे दिसले ते जसेच्या तसे लिहावयाचे आणि डॉक्टरांना सांगावयाचे.

गालावरचे फिकट डाग पाहून ‘पोटात जंत झालेत’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. वस्तुतः ते बहुधा कोरड्या त्वचेच्या सौम्य इसबाचे डाग असतात आणि जंतांशी त्यांचा काही संबंध नसतो. तथापि महाराष्ट्रात कुष्ठरोग अजून आहे, आणि अंगावर फिकट डाग असलेल्या मुलाला डोळे मिटावयास सांगून कापसाच्या धाग्याने स्पर्श करावा, कुठे लागले ते त्याने बोटाने दाखवावे, एवढ्या खेळाला दोन मिनिटे लागतात. डाग बधिर निघाला, तर सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य औषध मिळते, आणि वेळेवर मिळालेले ते औषध एका मुलाची बोटे वाचविते. लंगोटाखालच्या पुरळाचेही तसेच आहे. ओल्या कपड्याने झालेला चट्टा वर उचललेल्या भागावर असतो आणि जांघेच्या घडीत सहसा शिरत नाही. घडीतच लालभडक झाले असेल आणि कडेला सुट्या पुटकुळ्या विखुरल्या असतील, तर ती बुरशी होय, आणि तिचे औषध निराळे. घडी उलगडून न पाहणाऱ्याला हा फरक कळावा कसा?

भाजलेल्या मुलाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तेथे घरच्या माणसांच्या पहिल्या अर्ध्या तासावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. ओट्यावरून ओढलेला चहा, जमिनीवर ठेवलेली आमटी, आंघोळीसाठी काढलेले कढत पाणी: आपल्या घरांतून लहान मुले भाजतात ती बहुधा अशीच. पाहताक्षणी कोणी दंतमंजन लावते, कोणी शाई, कोणी हळद, कोणी तूप. लावणाऱ्याच्या हातात माया असते हे मी हजार वेळा पाहिले आहे. पण तो लेप काढताना त्या मुलाला दुसऱ्यांदा भोगावे लागते, आणि त्याखालची जखम किती खोल हे कोणालाच दिसत नाही. करावयाचे ते एवढेच: कपडे आणि बांगडी-करगोटा काढावा, चिकटलेला कपडा ओढू नये, भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, आणि तेवढा वेळ मुलाचे उरलेले अंग ऊबदार पांघरुणात ठेवावे, कारण लहान देह लवकर गारठतो. बर्फ लावू नये. फोड फोडू नये. नंतर स्वच्छ धुतलेल्या कापडात सैल झाकून रुग्णालयात आणावे.

रुग्णालयात पहिला हिशेब क्षेत्रफळाचा. मुलाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का, हे माप सर्वांना ठाऊक असावे. बॉस्टनच्या लुंड आणि ब्राउडर या शल्यविशारदांनी १९४४ साली वयपरत्वे तक्ता तयार केला, त्यात वर्षाच्या आतील बाळाचे डोके अंगाच्या १९ टक्के धरले आहे, तर मोठ्या माणसाचे अवघे ७. मोठ्यांचे माप लहानांना लावले, तर हिशेब चुकतो आणि हिशेब चुकला की शिरेतून द्यावयाच्या पाण्याचे प्रमाण चुकते. मोठ्या माणसाला साधारण १५ टक्के भाजल्यावर जी तजवीज करावी लागते, ती मुलाला १० टक्क्यांवरच करावी लागते.

त्यानंतरची रोजची नोंद मी विद्यार्थिनींना जखमेचा पंचनामा म्हणून शिकवीत असे. लांबी आणि रुंदी कागदी पट्टीने मोजून, तळाचा रंग, कडा आत सरकत आहेत की नाहीत, पाझर पाण्यासारखा की दाट, किती पट्ट्या भिजल्या, वास, भोवतालच्या त्वचेची ऊब, ताप, आणि वेदना. बोलता न येणाऱ्याच्या वेदनेसाठी कपाळाच्या आठ्या, पायांची ओढ आणि रडण्याची जात पाहावयाची. तीन वर्षांवरच्या मुलासाठी हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता आहे. तो डोना वाँग या परिचारिकेने आणि कॉनी बेकर या सहकारिणीने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, भाजलेल्या मुलांच्या सहवासातच, मुलांकडून चेहरे काढवून घेत तयार केला. एका परिचारिकेचे हे काम जगभर वापरले जाते, याचा मला अभिमान वाटतो.

जखम उघडी ठेवून वाळवावी आणि खपली धरू द्यावी, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखविले, की पातळ पडद्याने झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. कारण त्वचेच्या नव्या पेशींना ओलाव्यातून सरकावे लागते, आणि खपलीखाली त्यांना सहज वाट मिळत नाही. परंतु परदेशी ओलसर पट्ट्यांची किंमत आपल्या वॉर्डाला परवडणारी नव्हती. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून, त्या भाजलेल्या जखमांवर वापरल्या आणि १९८५ साली त्याविषयी लिहिले. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरले, जे जखमेला चिकटत नाही आणि काढताना मूल ओरडत नाही. साल किंवा पान जखम भरून आणीत नाही, ओलावा राखून तिला झाकते. म्हणूनच घरी कच्चा बटाटा किसून थापणे हे त्याचे अनुकरण नव्हे. त्यात जंतू तेवढे मिळतात.

निवृत्तीच्या थोडे आधी आमच्याकडे सहा वर्षांची एक मुलगी होती, चहाने भाजलेली, कोपरापासून मनगटापर्यंत. पट्टीची गाडी दारातून आत येताच ती रडावयास लागे. एका तरुण सिस्टरने वेदनाशामक औषध अर्धा तास आधी देण्याची वेळ ठरवून घेतली, आणि कोमट मिठाचे निर्जंतुक पाणी व मोठी पिचकारी मुलीच्याच उजव्या हातात दिली. आईने मांडीवर घेतले. मुलीने पट्टीवर पाणी सोडले, थांबली, पुन्हा सोडले. घाई कोणी केली नाही. तीन थर भिजून आपोआप सैल झाले, चौथा तिने चिमटीत धरून स्वतः उचलला, आणि आपल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली. कडेने नव्या त्वचेची गुलाबी, चकचकीत किनार आली होती. ती तिने सिस्टरला दाखविली. सिस्टरने कागदी पट्टी लावली, कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी असा आकडा मोठ्याने वाचला आणि तक्त्यावर लिहिला. ‘उद्या पण मीच?’ मुलीने विचारले.