अभ्यासक्रम संपल्यावर काय?

संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर वाचकाला जे दिसते, ज्यावर तो बोट ठेवतो, ते घडविण्याच्या कामाला फ्रंटएंड म्हणतात. आज अनेक विद्यार्थी हे काम शिकू पाहतात. कुणी शुल्क भरून वर्गाला जातो, कुणी मोबाईलवर धडे पाहतो. शेवटी प्रमाणपत्र हाती येते. परंतु कोऱ्या पानापासून सुरुवात करावयाची म्हटले की हात थबकतो. असे का व्हावे?

या विद्येला कुलूप नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर विनामूल्य सर्वांसाठी खुले केले. आजही कोणतेही वेबपान ब्राउझरमध्ये उघडून त्याची घडण आपण पाहू शकतो. २०१४ पासून चालणारा फ्रीकोडकॅम्पसारखा अभ्यासक्रमही फुकट आहे. इंग्रजी आडवी येते, हे खरे. पण चौघांनी एकत्र बसून धडा वाचला तर ती भिंत बरीच खाली येते.

अभ्यासक्रम पाया घालतो. एचटीएमएल मजकुराची रचना सांगते, सीएसएस त्याला रूप देते, जावास्क्रिप्ट वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देते. मात्र धड्यातला प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तरही त्यानेच ठरविलेले असते. स्वतःचे काम हाती घेतले की प्रश्न आपले होतात.

समजा, वसतिगृहाच्या वाचनालयातील दोनशे पुस्तकांची यादी वेबवर आणावयाची आहे. पान मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवावे लागते; एरवी अंधांसाठी पान वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर मराठीचा उच्चार बिघडवू शकते. लहान मोबाईलवर यादी मावली पाहिजे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक पुरेसा हवा. सर्वसाधारण मजकुरासाठी मान्य प्रमाण किमान ४.५ : १ आहे. मग लेखकांची अकारविल्हे यादी लावताच 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात! कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. जावास्क्रिप्टमध्ये क्रम लावताना भाषा मराठी असल्याचे सांगण्याची सोय आहे. ती शोधून काढणारा विद्यार्थी त्या दिवशी जे शिकतो, ते दहा धड्यांत मिळत नाही.

म्हणून क्रम असा असावा : थोडे शिकावे, लगेच आपल्या गरजेचे छोटे काम करावे, अडेल तिथे पुन्हा अभ्यासक्रमाकडे वळावे. काम गिटहब पेजेसवर विनाशुल्क ठेवता येते. त्याचा दुवा अर्जासोबत देता येतो. नोकरी देणाऱ्याला ओळखपाळख लागते तेथे ती नसलेल्या मुलाजवळ निदान दाखविण्यासारखे काम असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्याला किती अभ्यासक्रम झाले हे जरूर विचारावे. पण त्यानंतर काय उभे केले, कुणी वापरले आणि कुठे अडले, हेही विचारावे. कार्यकर्त्यांनी आपल्या वाचनालयाची, अभ्यासवर्गाची गरज या मुलांपुढे ठेवावी. शिकणाऱ्याला काम मिळेल आणि कामाला माणूस मिळेल.