बरणीतले ऑर्किड

वास्तुशांतीला किंवा निवृत्तीच्या निरोपाला फुलांचा गुच्छ देण्याऐवजी जुन्या, देखण्या चिनी मातीच्या बरणीत लावलेले ऑर्किड द्यावे, ही कल्पना चांगली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कितीतरी घरांत लोणच्याच्या बरण्या माळ्यावर पडून असतात. पण अशा बरणीत थेट लावलेले रोप बहुधा एका पावसाळ्यातच कुजते. असे का होते?

याचे उत्तर बदलापूरहून सह्याद्रीकडे जाताना झाडांवरच सापडते. ‘सीतेची वेणी’ (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) हे आपल्याकडचे ऑर्किड खोडाच्या सालीला धरून वाढते. पुष्कळजण त्याला बांडगूळ समजतात, ते चूक. बांडगूळ आपली शोषकमुळे यजमान झाडात घुसवून त्याचा रस घेते. ऑर्किड झाडाचा फक्त आधार घेते. त्याची मुळे हवेत उघडी असतात. मुळांभोवती ‘व्हेलामेन’ नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की ते क्षणात पाणी शोषते, आणि सर थांबली की पुन्हा कोरडे होते. हे कोरडे होणे भिजण्याइतकेच आवश्यक आहे. आवरण सतत ओले राहिले तर आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि मूळ सडते.

आता बरणी पाहू. ती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. त्या उष्णतेत मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो, छिद्रे बुजतात. वर झिलई असते ती वेगळीच. खार आणि तेल भिंतीत मुरू नये म्हणून केलेली ही योजना! कुंभाराची लाल कुंडी कमी तापमानाला भाजतात, म्हणून ती सच्छिद्र राहते. दोन्हींत सारखे पाणी भरून, तोंडे झाकून, विद्यार्थ्यांना रोज वजन करायला सांगावे. कोणाचे वजन घटते ते दोन दिवसांत कळेल.

जुन्या बरणीला भोक पाडण्याची मात्र गरज नाही. भोके असलेल्या लाल कुंडीत कोळसा व विटांचे तुकडे भरून रोप लावावे आणि ती कुंडी रुंद तोंडाच्या बरणीत, तळाशी विटांचे तुकडे ठेवून, भोवती बोटभर जागा राहील अशी बसवावी. तळात साचलेले पाणी ओतून टाकावे, नाहीतर भेटीबरोबर डासही पोसले जातील.

रोप जंगलातून ओरबाडून आणू नये. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फूल यायला त्यानंतर काही वर्षे जातात. १९२२ साली नडसन यांनी साखरयुक्त पोषकद्रव्यावर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे वाढवणे शक्य झाले. रोपवाटिकेतून तशीच घ्यावीत.

पाणी केव्हा द्यायचे, हे भेट घेणाऱ्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे: मूळ रुपेरी दिसले की द्या, हिरवे असेल तोवर थांबा. कोरड्या व्हेलामेनमध्ये हवा भरलेली असल्याने ते रुपेरी दिसते. भिजले की पारदर्शक होऊन आतले हरितद्रव्य दिसू लागते.