सौंसरच्या मँगनीजच्या खदानी
सातपुड्याच्या पायथ्याशी : भाग 9

कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्यासाठी वसलेलं गाव. सोनं सरलं तसं ते ओस पडलं आणि आज जगभरातून माणसं ते पाहायला जातात. आपल्या सौंसर भागात सोनं नव्हतं, पण मँगनीजसाठी अशीच झुंबड उडाली होती. तिच्या खुणा बघायला मात्र कुणी येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोलाद करताना त्यातला प्राणवायू आणि गंधक काढून टाकायला मँगनीज लागतं. विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला ते मुख्यतः रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसमधून, चियातुराच्या खाणींतून मिळे. 1904-05 मध्ये रशिया-जपान युद्ध झालं, पाठोपाठ रशियात क्रांतीचा भडका उडाला आणि तिकडचा माल अडकला. भाव चढले. रामटेककडे नुकत्याच सुरू झालेल्या खदानींच्या मागोमाग मध्य प्रांतात जो तो खाणपट्टे मागू लागला. 1907 मध्ये देशाचं उत्पादन 9 लाख टनांवर गेलं. पुढच्याच वर्षी भाव कोसळले आणि लहान कंत्राटदार गाशा गुंडाळून गेले.

हा धातू इथंच का? पांढुर्ण्याकडे जमीन बसॉल्टची आहे. काळी माती, संत्री, कापूस त्याच्याच जोरावर. सौंसरच्या पूर्वेला हे आवरण झिजलंय आणि खालचे अतिप्राचीन खडक उघडे पडलेत. प्राचीन समुद्राच्या तळाशी मँगनीजचा गाळ बसला, तो पुढे जमिनीच्या पोटात उष्णतेनं, दाबानं भाजून निघाला. भूगर्भशास्त्रात या खडकांना सौंसर समूह म्हणतात. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत तेच पसरलेत. भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. त्यात छिंदवाडा जिल्ह्यातल्या काची धाना, सीतापार, गोवारी वाढोणा इथल्या साठ्यांचं वर्णन आहे. सीतापारला सापडलेल्या एका खनिजाला त्यांनी गावाचं नाव दिलं होतं. पुढे ते बिक्सबाइट या आधीच माहीत असलेल्या खनिजाचाच प्रकार ठरलं.

जुन्या खदानीवर गेलात तर आधी मलब्याचा ढीग बघा. टाकून दिलेल्या दगडांत गोंडाइट सापडतो. गोंड समाजावरून फर्मोर यांनीच या खडकाला हे नाव दिलं. क्वार्ट्झमध्ये नारिंगी-तपकिरी गार्नेटचे बारीक दाणे दिसले की ओळखा. शेजारी काळा, ठिसूळ तुकडा असेल तो उचला. साध्या गारगोटीपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड लागतो. मऊ खनिज असेल तर बोटं काळी होतात, आणि तो डाग साबणानंही लवकर जात नाही.

खदानीतलं सगळं काम तेव्हा हातांनी होई. पुरुष सुरुंग लावत, घणानं फोडत. बाया दगड निवडत, टोपल्या भरत. इथं रेल्वे नव्हती, माल बैलगाडीनं न्यावा लागे. नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन 1913 मध्ये आली. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना ही तिचीच स्टेशनं. 2015 मध्ये ती बंद झाली आणि आता त्या मार्गावर मोठी लाईन आहे.

पहिल्या महायुद्धानंतर बाजार पुन्हा उभा राहिला. 1927 मध्ये देशातलं उत्पादन 11 लाख टनांवर होतं; महामंदीत, 1932 ला, ते सुमारे 2 लाखांवर आलं. मजुराला जगाच्या बाजारातल्या भावाची खबर नसायची, काम बंद झाल्याचीच तेवढी कळायची. तरी इथली गावं बोडीसारखी ओस पडली नाहीत. शेती होती, माणसं तिच्याकडे वळली. या पट्ट्यात आजही मँगनीज निघतं, मोठ्या खदानी बालाघाट, भंडाऱ्याकडे आहेत.

ओस पडले ते खड्डे. कडा उभ्या आणि ढिसूळ, पावसाळ्यात पाणी साचतं, खोली कळत नाही. मुलांना घेऊन काठावर जाऊ नका आणि पट्टेदाराची परवानगी नसेल तर आत उतरू नका. खाण बंद करण्याचा आराखडा बंधनकारक झाला तो 2003 मध्ये. त्याआधीच्या कित्येक खड्ड्यांना वालीच उरला नाही. 2015 पासून खाणवाल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमतो आणि तो खाणबाधित गावांसाठीच असतो. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झालाय आणि सौंसर तालुका आता त्यातच आहे. सौंसर तालुक्यातल्या ग्रामसभांनी आपल्या शिवारातल्या प्रत्येक जुन्या खड्ड्याची नोंद करावी, आणि त्याला या निधीतून कुंपण घालून द्या असा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.