पिकअप उचलायच्या आधी खाली वाकून बघा



आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला आहे. चाळीतला कांदा निवडून काढा असा मेसेज टाकला, तर त्यावर पाच-सहा जणांचे उलट फोन आले. "साहेब, कांदा निवडून ठेवलाय, पण पिकअप चाळीपर्यंत येईना, खाली घासतेय. लिफ्ट किट बसवून घेऊ का?" एका दादांनी तर गॅरेजवाल्याला इसारही देऊन ठेवलाय.

मी कृषी पदविकावाला, मेकॅनिक नाही. पण चाकण-भोसरी पट्ट्यात कुणाचा ना कुणाचा भाऊ गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत असतोच. माझा एक वर्गमित्र तिथे क्वालिटीला आहे. त्याला आणि दोन जुन्या मिस्त्रींना विचारून, स्वतः गाडीखाली झोपून बघून हे लिहितोय.

पिकअपची लिफ्ट म्हणजे काय, तर मागे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा, त्याला लांब यू-बोल्ट, कुठे एखादा जादा पाटा, पुढे कॉईल स्प्रिंग असेल तर तिच्यावर जाड चकती, आणि लांब शॉकअप. गाडी दीड-दोन इंच वर दिसते. "दिसते" म्हणालो, कारण खरी गोम तिथेच आहे.

*तुमची गाडी नेमकी कुठे घासते?* आपल्या पाणंदीत ट्रॅक्टरने दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. त्या उंचवट्याला पहिल्यांदा लागतो तो मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. पाटे ठोकळ्यावर चढवले की चॅसी वर जाते, हौदा वर जातो, गोळा आहे तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायरचा व्यास एक इंच वाढला तर गोळा फक्त अर्धा इंच वर जातो. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाच्या उंच केलेल्या गाडीत मी स्वतः बसलो होतो. खर्च करूनही गाडी त्याच वळणावर, त्याच उंचवट्यावर अडकली. शेवटी ट्रॅक्टरनेच ओढली.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. गाडी रिकामी, सपाट जागेवर, टायरमध्ये पूर्ण हवा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. मग गोळ्यापासून जमिनीपर्यंतचं. नेहमीचा माल भरून पुन्हा तेच. घासल्याचे ओरखडे कुठे आहेत ते मोबाईलच्या टॉर्चने बघा आणि फोटो काढा. ओरखडे गोळ्यावर असतील तर लिफ्टचा विषय तिथेच संपला.

डाव्या-उजव्या बाजूत चांगला फरक निघाला, किंवा भरल्यावर पाटे सरळ होऊन उलटे वाकत असतील, तर गाडी मुळात ठेंगणी नाही, तिचे पाटे बसलेत. पाटे खोलून बघा. एखादा तडकलेला सापडेल, क्लिप गेलेली असेल, शॅकलचे बुश संपलेले असतील. तुटका पाटा बदलून, बाकीच्यांना पुन्हा कमान देऊन घेतली की गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर येते. बऱ्याच जणांना एवढंच पुरेल.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे आपण सगळेच थोडे चुकतो. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी केली की तुमचा हक्काचा माल निघतो, त्यात ड्रायव्हर आणि सोबतचा माणूसही आला. समजा दीड टन निघाला, तर ५० किलोच्या ३० पिशव्या झाल्या, तेही ड्रायव्हर आणि सोबतच्या माणसाचं वजन न धरता. आपण ४० टाकतो आणि गाडी बसते म्हणतो. जादा पाटा घातला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे तेच राहतात. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० असा दंड आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो, मिस्त्री त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो चॅसीवर बसवलेला असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग खाली एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसी एक्सलजवळ येते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. मधे ठोकळा घातला की हे अंतर कायमचं वाढतं. मग दीड टन कांदा भरलेली गाडीसुद्धा व्हॉल्व्ह रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. भरल्या गाडीने घाट उतरताना किंवा नाशिक हायवेला पुढच्या कंटेनरने अचानक थांबल्यावर जाणवतं. मी ज्या गाडीत बसलो होतो तिचा व्हॉल्व्ह नव्याने सेट केलाच नव्हता. उतारावर ड्रायव्हरदादांनी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. ज्या मिस्त्रीला हा व्हॉल्व्ह माहीत नाही त्याच्याकडे गाडी उंच करू नका, मग तो कितीही स्वस्तात करून देवो.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आपल्या एमएच १४ च्या मालगाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तिथे ठोकळा लपत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा काढून भांडणार. त्यामुळे इसार द्यायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, उत्तर लेखी घ्या. तुमच्या मॉडेलला कंपनीचाच जादा क्षमतेचा पाट्यांचा सेट मिळतो का, हे डीलरलाही विचारा.

हे सगळं करून, परवानगीने काम करायचं ठरलंच, तर आदल्या दिवशी यू-बोल्टच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणालाही खाली जाऊ देऊ नका, चॅसीखाली मजबूत स्टँड हवेत. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत. लाकडाचा किंवा एकावर एक ठेवलेला ठोकळा चालत नाही आणि पुढच्या एक्सलला ठोकळा कधीच नाही. चाकं लोंबती ठेवून ब्रेकचा रबरी होज ताणला जातोय का ते बघा. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्यामुळे गाडी थरथरायला लागली तर क्रॉस खराब व्हायची वाट बघू नका. व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइट पुन्हा सेट करा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० ला नट पुन्हा आवळा. हौद्यावर माल उंच रचायची सवय तर सोडाच, उंच गाडी वळणावर लवकर कलंडते.

या पावसाळ्यापुरतं विचाराल तर माझं मत सरळ आहे. पिकअप डांबरीवर उभी करा, कांदा ट्रॅक्टर-ट्रॉलीने तिथपर्यंत आणा. दोनदा चढ-उतार होते, मजुरी जाते, कांदाही थोडा दुखावतो, मान्य. पिशव्या फेकू न देता हातात झेलून घ्या. दोन-तीन जणांनी मिळून चाकोऱ्यांत मुरूम टाकला तर तो खर्चही एका किटपेक्षा जास्त व्हायचा नाही, आणि वाट सगळ्यांचीच सुधारेल.

कायमचा इलाज पाणंदच. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीने. त्यासाठी ग्रामपंचायतीत विषय मांडा. वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सातबारा, गटाचा नकाशा आणि वाटेचे आत्ताचे, चिखलातले फोटो लागतील. फोटो आजच काढून ठेवा, दिवाळीत वाट कोरडी दिसेल.

ज्यांची वाट एकच आहे त्यांनी एकत्रच कार्यालयात या. अर्ज लिहायला मी बसतो. येताना टेपने घेतलेली मापंही आणा.